जीवाणूंची ओळख : बीटी कपाशीपासून लोणारच्या पाण्यापर्यंत

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते पंधराव्या आणि सोळाव्या शतकात तेथे झालेल्या लढायांमुळे. घाटाखालच्या या पट्ट्यात आज चर्चा असते ती कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा आणि गुराढोरांची. या चर्चेत तीन शब्द हमखास कानावर पडतात. कपाशीच्या बियाण्याबद्दल बोलताना ‘बीटी’, कडधान्याच्या पेरणीआधी ‘रायझोबियम’ आणि जनावर अचानक दगावले की ‘फाशी’. पहिला शब्द एका जीवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे, दुसरा जीवाणूंच्या एका गटाचे नाव आहे आणि तिसरा जीवाणूमुळे होणारा रोग आहे. विशेष म्हणजे यांपैकी पहिला आणि तिसरा हे इतके जवळचे नातलग आहेत की, त्यांना वेगळे मानावे की एकच, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालला.

एक पिकाला राखतो, तर दुसरा जनावराचा आणि प्रसंगी माणसाचा जीव घेतो. हे दोन एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे, त्यांना नाव कोणत्या आधारावर द्यायचे आणि त्या नावाचा सामान्य माणसाला उपयोग काय, हा जीवाणूंच्या वर्गीकरणाचा विषय आहे. वरकरणी तो पाठ्यपुस्तकी वाटतो. प्रत्यक्षात डॉक्टरांनी कोणते औषध लिहून द्यावे, शेतकऱ्याने कोणते पाकीट विकत घ्यावे आणि विहिरीचे पाणी प्यावे की नाही, हे सारे त्यावर ठरते.

जीवाणू म्हणजे काय?

जीवाणू हा एकाच पेशीचा सजीव आहे. वनस्पती, प्राणी व बुरशी यांच्या पेशींत जनुकीय द्रव्याभोवती आवरण असते आणि त्यातून केंद्रक तयार होते. जीवाणूत असे केंद्रक नसते. त्याचे डीएनए बहुधा एका वर्तुळाकार धाग्याच्या रूपात पेशीद्रव्यातच असते. त्याखेरीज ‘प्लास्मिड’ नावाची डीएनएची लहान, सुटी वर्तुळेही अनेक जीवाणूंत आढळतात. ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिच्यामुळे होतो.

बहुतेक जीवाणूंच्या पेशीपटलाबाहेर एक टणक भिंत असते. ती पेप्टिडोग्लायकॅन या जाळीसारख्या पदार्थाची बनलेली असते. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते. पेनिसिलिनसारखी औषधे नेमकी ही भिंत बांधण्याच्या कामात अडथळा आणतात. म्हणूनच ती जीवाणूला मारक, पण माणसाच्या पेशींना बऱ्याच अंशी निरुपद्रवी ठरतात. विषाणूला तर पेशीच नसते, मग भिंत कोठून असणार? सर्दी, पडसे किंवा फ्ल्यूवर प्रतिजैविके लागू पडत नाहीत, याचे मूळ कारण हेच आहे.

जीवाणूचा आकार मायक्रोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. माणसाच्या आतड्यात राहणारा एश्चेरिशिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय, साधारण दोन मायक्रोमीटर लांब असतो. असे पाचशे जीवाणू एका ओळीत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मात्र वाढीचा वेग थक्क करणारा असतो. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुभंगून एकाचे दोन होतो. या हिशेबाने सात तासांत एका जीवाणूपासून सुमारे २१ लाख जीवाणू तयार होतात. रात्री विरजण लावलेल्या दुधाचे सकाळी दही होते आणि उन्हाळ्यात बाहेर राहिलेले वरण दुपारपर्यंत आंबते, त्यामागे हेच गणित असते. अन्न, ऊब किंवा ओलावा संपला, अथवा त्यांनीच तयार केलेले आम्ल साचले की ही वाढ थांबते.

आकारावरून पहिली विभागणी

डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी अँटनी व्हॅन लेवेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून १६७६ साली पाण्यातील जीवाणू पाहिले. त्यानंतर दीडशे वर्षे या सृष्टीची नीट मांडणी कोणालाच जमली नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारे कार्ल लिनियस यांनीही डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवांना ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, याच नावाखाली टाकून दिले होते.

जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७२ साली आकाराच्या आधारे जीवाणूंचे गट पाडले. आजही प्रयोगशाळेतील पहिली नोंद आकाराचीच असते. गोल जीवाणूंना ‘कॉकस’, दंडाकृतींना ‘बॅसिलस’, मळसूत्राप्रमाणे पीळदार असणाऱ्यांना ‘स्पायरिलम’ आणि स्वल्पविरामासारख्या वाकड्यांना ‘व्हिब्रिओ’ म्हणतात. पटकीचा जीवाणू शेवटच्या प्रकारातला आहे. गोल जीवाणूंची रचनाही पाहिली जाते. द्राक्षाच्या घडासारखा पुंजका असेल तर तो स्टॅफिलोकॉकस आणि माळेसारखी रांग असेल तर स्ट्रेप्टोकॉकस असण्याचा संभव असतो.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ‘बॅसिलस’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ कोणताही दंडाकृती जीवाणू, आणि दुसरा अर्थ त्या नावाचा विशिष्ट वंश. क्षयाच्या जीवाणूला बोलीत ‘टीबीचा बॅसिलस’ म्हणतात, पण तो बॅसिलस वंशातला नाही.

जांभळा की गुलाबी?

केवळ आकारावर विसंबता येत नाही, हे लवकरच ध्यानात आले. हजारो जीवाणू दंडाकृती आहेत आणि त्यांचे गुणधर्म मात्र दोन टोकांचे आहेत. डेन्मार्कचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये काम करीत असताना रंगाची एक पद्धत शोधली. पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालात दिसणारा ‘ग्रॅम’ हा शब्द वजनाचा नसून या डॉक्टरांच्या आडनावाचा आहे.

पद्धत साधी आहे. काचपट्टीवर नमुना पसरून त्यावर जांभळा रंग व नंतर आयोडीनचे द्रावण घालतात. मग अल्कोहोलने धुतात आणि शेवटी गुलाबी-लाल रंग देतात. ज्यांची भिंत जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात. त्यांना ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह’ म्हणतात. ज्यांची भिंत पातळ असून तिच्यावर आणखी एक स्निग्ध आवरण असते, त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. ते ‘ग्रॅम-निगेटिव्ह’.

ही तपासणी काही मिनिटांत होते आणि तिचा उपयोग तात्काळ असतो. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचे बाहेरचे आवरण अनेक औषधांना आत शिरू देत नाही. त्यामुळे गंभीर रुग्णाच्या बाबतीत जीवाणूचे पूर्ण नाव कळण्याआधीच, केवळ रंगावरून डॉक्टरांना औषधाची दिशा ठरवता येते. क्षयाचा जीवाणू मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या पद्धतीला नीट दाद देत नाही, कारण त्याच्या भिंतीत मेणासारखे पदार्थ असतात. त्यासाठी झील-नील्सन ही वेगळी रंगपद्धत वापरतात. काही जीवाणूंना तर भिंतच नसते. मायकोप्लाझ्मा हा त्यातला एक. त्यामुळे होणाऱ्या न्यूमोनियात पेनिसिलिन कितीही दिले तरी व्यर्थ जाते.

पशुपालकांच्या परिचयाचे तीन रोग या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. घटसर्पाचा पाश्चुरेला मल्टोसिडा हा ग्रॅम-निगेटिव्ह आहे. फऱ्या रोगाचा क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय हा ग्रॅम-पॉझिटिव्ह असून प्राणवायूविना वाढतो. फाशीचा, अर्थात काळपुळीचा, बॅसिलस अँथ्रॅसिस हाही ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे. तिन्ही रोगांत धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते, पण प्रत्येकाची लस वेगळी आहे. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घेतात, त्या वर्षानुवर्षांच्या अशा ओळखीतूनच.

अन्न, हवा आणि बीजाणू

आकार व रंगानंतर सवयी पाहिल्या जातात. जीवाणूला प्राणवायू लागतो की तो त्याला मारक ठरतो, कोणत्या तापमानात तो वाढतो, कोणती साखर आंबवतो, आम्ल तयार करतो की वायू, कोणते विकर बनवतो, अशा चाचण्यांची मालिका असते. लघवीच्या किंवा रक्ताच्या ‘कल्चर’ तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, ते यामुळेच. आधी जीवाणू पोषक माध्यमावर वाढवावा लागतो, मग त्याला एकेक प्रश्न विचारावा लागतो.

काही जीवाणू प्रतिकूल काळात स्वतःभोवती कठीण कवच तयार करून बीजाणूच्या रूपाने सुप्त राहतात. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम हे वंश त्यासाठी प्रसिद्ध आहेत. फाशीचे बीजाणू जमिनीत अनेक दशके तग धरू शकतात. या रोगाने मेलेल्या जनावराचे शव फाडू नये, असे पशुवैद्यक बजावून सांगतात. शव उघडले की रक्तातील जीवाणूंना हवा लागते, बीजाणू तयार होतात आणि ती जागा पुढील अनेक वर्षे धोक्याची ठरते. अशी शंका असेल तेव्हा पशुवैद्यकाला कळवून शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणे किंवा जाळणे हाच मार्ग आहे.

नाव ठेवण्याची रीत

जीवाणूचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. एश्चेरिशिया कोलाय या नावात एश्चेरिशिया हा वंश आणि कोलाय ही जाती. अनेक वंशांचे मिळून कुल, कुलांचा गण, गणांचा वर्ग, वर्गांचा संघ आणि सर्वांत वर अधिक्षेत्र, अशी ही उतरंड आहे.

एकोणिसाव्या शतकापासून ज्याने त्याने आपापल्या परीने नावे ठेवल्याने मोठा गोंधळ माजला होता. अमेरिकेत १९२३ साली डेव्हिड बर्गी यांच्या नावाने ओळखली जाणारी निर्धारणपुस्तिका निघाली आणि काही शिस्त आली. खरी साफसफाई झाली ती १ जानेवारी १९८० या तारखेपासून. त्या वर्षी मान्य नावांची यादी प्रसिद्ध झाली आणि यादीत नसलेली जुनी नावे रद्द समजण्यात आली. यादीत जेमतेम अडीच हजारांच्या आसपास नावे उरली होती. आज मान्य जातींची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे. नव्या जातीला मान्यता हवी असेल तर तिचा जिवंत नमुना किमान दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे जगातील कोणालाही तो मागवून पडताळता येतो. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी संलग्न असलेले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंडीगड येथील संग्रह ही भारतातील अशी ठिकाणे होत.

नावाच्या बदलाचा एक धडा मुंबईशी निगडित आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्याचा जीवाणू अलेक्झांडर यर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्या कामातून उभी राहिली. या जीवाणूचे नाव पुढे बदलत जाऊन १९४४ साली यर्सिनिया पेस्टिस असे झाले. नंतर असे दिसले की, तो यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या तुलनेने सौम्य जीवाणूशी जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकरूप आहे. म्हणून १९८१ साली त्याला त्याची उपजाती ठरवण्यात आले. मात्र प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात नाव वाचताना गफलत झाली तर जीवावर बेतेल, या कारणास्तव नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय न्यायमंडळाने १९८५ साली ते नवे नाव फेटाळले. नाव शास्त्रशुद्ध असावे, पण त्याहून आधी ते धोक्याचे नसावे, हे तत्त्व यातून रूढ झाले.

बीटी आणि फाशी यांचे नाते

हेच तत्त्व बॅसिलस वंशात लागू होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा मातीत राहणारा जीवाणू. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगात तो प्रथम दिसला आणि जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. तो बीजाणू बनवताना एका प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. काही जातींच्या अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात हे स्फटिक विरघळते, तेथील पेशींना चिकटून छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि ते प्रथिन चिकटेल असे ग्राहकही माणसाच्या आतड्यात नसतात.

या प्रथिनाचे जनुक कपाशीत घालून तयार केलेल्या बियाण्याला भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००६ पासून दोन जनुके असलेले वाण आले. बीटी कपाशीत जीवाणू नसतो, त्याचे फक्त जनुक असते. पुढे गुलाबी बोंडअळीत या प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भासह राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान झाले.

आता बीटीचे दोन सख्खे भाऊ पाहू. एक बॅसिलस सीरियस. शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातामुळे उलट्या होतात, तेव्हा बहुधा याचेच विष कारणीभूत असते. दुसरा फाशीचा बॅसिलस अँथ्रॅसिस. या तिघांचे मूळ डीएनए इतके सारखे आहे की, आजच्या निकषांनुसार त्यांना एकच जाती मानण्याची सूचना अनेकदा झाली आहे. फरक मुख्यत्वे प्लास्मिडांत आहे. बीटीच्या कीडनाशक प्रथिनांची जनुके बहुधा प्लास्मिडांवर असतात. फाशीच्या जीवाणूत दोन वेगळी प्लास्मिडे असतात, त्यातील एकावर विषाची आणि दुसऱ्यावर संरक्षक आवरणाची जनुके असतात. तरीही नावे तीनच ठेवली गेली आहेत, कारण शेतकरी, पशुवैद्यक आणि अन्न तपासनीस यांच्या दृष्टीने या तीन वेगळ्याच गोष्टी आहेत.

रायझोबियमचे पाकीट

सोयाबीन, हरभरा, तूर यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात आणि पीक त्यांना साखर पुरवते. पूर्वी असे सारे जीवाणू रायझोबियम या एकाच वंशात गणले जात. सोयाबीनचा जीवाणू सावकाश वाढतो व इतर बाबतींतही निराळा आहे, हे लक्षात आल्यावर १९८२ साली त्याला ब्रॅडीरायझोबियम या नव्या वंशात नेले. हरभऱ्याचा जीवाणू १९९७ साली मेझोरायझोबियम वंशात गेला. पाकिटावर मात्र अजूनही ‘रायझोबियम’ असेच लिहिलेले असते.

नावे पुस्तकात बदलली तरी शेतातला अर्थ एकच आहे. हरभऱ्याचे जीवाणू संवर्धक सोयाबीनच्या बियाण्याला चोळले तर त्याचा उपयोग होत नाही, कारण वनस्पती आणि जीवाणू रासायनिक खुणांनी एकमेकांना ओळखतात. म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव आणि वापराची अंतिम तारीख ही पाहावीच. सर्वसाधारण शिफारस दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धकाची आहे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धक त्यानंतर. गुळाच्या पाण्यात कालवून ते हलक्या हाताने बियाण्याला चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. उन्हात ठेवलेल्या पाकिटातले जीवाणू मेलेले असतात. पीक फुलोऱ्याच्या सुमारास असताना एखादे रोप उपटून गाठ कापून पाहावी. आतून ती गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आरएनएने दाखवलेली तिसरी शाखा

१९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी वर्गीकरणाची दृष्टीच बदलली. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारा रायबोसोम असतो. त्यातील ‘१६ एस’ नावाच्या आरएनएचे जनुक सुमारे दीड हजार अक्षरांचे असते आणि ते फार सावकाश बदलते. दोन जीवांतील या अक्षरांची तुलना केली तर त्यांचे नाते किती दूरचे आहे हे मोजता येते. ही तुलना करताना असे आढळले की, जीवाणू समजले जाणारे काही सूक्ष्मजीव मुळी जीवाणू नाहीतच. त्यांचा गट स्वतंत्र आहे. त्याला आर्किया हे नाव मिळाले. १९९० साली जीवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त जीव अशी तीन अधिक्षेत्रे मांडली गेली. आर्कियांनाही केंद्रक नसते, पण त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकॅन नसते आणि पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांची बांधणीही निराळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघे सारखेच दिसू शकतात.

सर्वसाधारणपणे या जनुकात ९८.७ टक्क्यांहून कमी साम्य असेल तर जाती वेगळी मानतात. त्याहून अधिक साम्य असेल तर संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात आणि तेथे ९५ ते ९६ टक्के ही सीमारेषा धरली जाते. याच पद्धतीने २०२० साली दह्या-ताकाशी जोडलेल्या लॅक्टोबॅसिलस वंशातील अडीचशेहून अधिक जाती २५ वंशांत विभागल्या गेल्या. प्रोबायोटिक पेयांच्या बाटलीवरील नावे बदललेली दिसतात, त्याचे कारण हे आहे. आतला जीव तोच आहे.

लोणार गुलाबी झाले तेव्हा

रोहिणखेड घाटाखाली, तर त्याच जिल्ह्यातील लोणार घाटावर. तेथील सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. पाणी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी, त्याचा सामू दहाच्या आसपास. सर्वसामान्य जीवांना असह्य असलेल्या या पाण्यात सूक्ष्मजीवांची स्वतंत्र वस्ती आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेथून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूला २०१० साली इंडिबॅक्टर अल्कलिफिलस आणि दुसऱ्याला २०१२ साली सेसेम्बिया लोनारेन्सिस असे नाव दिले. पहिल्या नावात भारत आहे. दुसऱ्यात त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घडवलेला शब्द आहे आणि लोणार गावही आहे.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. ड्युनालिएला या शेवाळामुळे हा रंग आला असावा, असा सुरुवातीचा कयास होता. जगातील काही खाऱ्या सरोवरांत त्यामुळे असा रंग येतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होते आणि पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीनंतर सांगितले की, हा रंग मीठप्रिय आर्कियांचा, म्हणजे हॅलोआर्कियांचा आहे. पाऊस कमी, बाष्पीभवन अधिक आणि माणसांचा वावर थांबलेला, अशा स्थितीत क्षार वाढले आणि या जीवांची वाढ झाली. नमुना काही काळ स्थिर ठेवला तेव्हा रंगीत जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. पाण्याचा रंग कायमचा पालटलेला नाही, हे त्यावरून दिसले.

या ओळखीला व्यावहारिक महत्त्व होते. शेवाळ आणि रासायनिक प्रदूषण यांवरचे उपाय वेगळे, आणि हॅलोआर्कियांच्या बाबतीत काही करण्याची गरजच नाही. रंग पाहून घाबरून कोणी पाण्यात काही टाकले असते तर नुकसानच झाले असते. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

अहवाल हाती आल्यावर

सामान्य वाचकाचा जीवाणूंच्या नावांशी संबंध येतो तो पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालात. त्यात प्रथम ‘ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय’ असा रंग व आकाराचा उल्लेख असतो, नंतर ‘ई. कोलाय’ असे नाव आणि पुढे औषधांची यादी. प्रत्येक औषधापुढील ‘एस’ म्हणजे जीवाणू त्याला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. मागच्या वेळी लागू पडलेले औषध या वेळी ‘आर’ असू शकते, कारण प्रतिकाराची जनुके प्लास्मिडांवरून एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी एका जातीकडून दुसरीकडेही जातात. म्हणून एकाच जातीतही ‘वाण’ महत्त्वाचा ठरतो. ई. कोलायचे बहुतेक वाण आतड्यात मुकाट राहतात, तर काही रक्ती हगवण घडवतात. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकली जाऊ नयेत यासाठी त्यातील अनेक औषधे १ मार्च २०१४ पासून केंद्र सरकारच्या ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. घरातील जुन्या गोळ्या अंदाजाने घेणे म्हणजे ही सारी ओळख बाजूला सारणे होय.

पिण्याच्या पाण्याच्या अहवालातही हेच नाव भेटते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. तो स्वतः दर वेळी घातक असतो असे नाही. पण तो असणे म्हणजे पाण्यात विष्ठेचा अंश मिसळला असल्याची खूण असते आणि त्याच वाटेने पटकी किंवा विषमज्वराचे जीवाणूही येऊ शकतात. अशी विहीर निर्जंतुक करून पुन्हा तपासल्याशिवाय तिचे पाणी न उकळता पिऊ नये.

जीवाणूंच्या नावांची यादी यापुढेही बदलत राहील. २०२१ साली संघांची नावेसुद्धा बदलली आणि फर्मिक्यूट्‌सचे बॅसिलोटा झाले. ही सारी नावे पाठ असण्याची गरज नाही. परंतु औषध घेताना, बियाण्याला संवर्धक चोळताना किंवा दगावलेल्या जनावराला हात लावताना ‘हा जीवाणू नेमका कोणता’ हा प्रश्न ज्याला त्याचे उत्तर ठाऊक आहे त्याला विचारण्याची सवय मात्र असावी. रोहिणखेडच्या शेतकऱ्याला ती जितकी उपयोगाची आहे, तितकीच शहरात हाती अहवाल घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही आहे.